सात नंबरला जमेल का?

मीटरवाल्या काकांनी आरोग्य खात्याच्या नव्या वेबसाइटवर जवळचं लसीकरण केंद्र अडतीस सेकंदांत शोधून काढलं, आणि तिथेच त्यांचं चुकलं.

चुकलं असं दुसरं कुणी म्हणालं नसतं. शेजारी बसलेल्या चाचणीच्या मॅडमनी तर कागदावर बरोबरची खूण करून लगेच पुढचं काम दिलं. साखरेची तपासणी कुठे होते ते शोधा. काकांनी शोधलं. मग तिसरं काम झालं, चौथं झालं. ज्या माणसाची चौतीस वर्षं लोकांच्या जिन्याखाली आणि कपाटामागे बॅटरी मारून विजेच्या मीटरवरचे बारीक आकडे वाचण्यात गेली, त्याला लख्ख उजेडातल्या स्क्रीनवरचं बटण सापडायला कितीसा वेळ लागणार? तासाभराची म्हणून ठरलेली चाचणी बाराव्या मिनिटाला संपत आली.

"छान. तुम्हाला सगळंच जमतं, काका," मॅडम म्हणाल्या. "आता तुम्हाला पुन्हा त्रास देणार नाही."

"त्रास कसला त्यात?"

"नाही, म्हणजे ज्यांना जमत नाही ना, त्यांच्याकडून आम्हाला जास्त कळतं. त्यांनाच आम्ही दर गुरुवारी बोलावतो."

खरं तर काका गुडघा दाखवायला आरोग्य केंद्रात आले होते. खात्याला वेबसाइट तपासून घ्यायला पासष्टीच्या पुढची माणसं हवी होती, आणि काका बाकावर नुसतेच बसलेले दिसले, म्हणून त्यांना आत नेण्यात आलं. खोली लहान होती. एक टेबल, एक संगणक, दोन खुर्च्या, वर एक कॅमेरा. एका बाजूची भिंत काळ्या काचेची होती आणि तिच्यापलीकडे बसून खात्याची माणसं सगळं बघत होती. मॅडमनी सुरुवातीलाच समजावलं होतं की परीक्षा काकांची नाही, वेबसाइटची आहे. काका चुकूच शकत नाहीत. अट एकच, मनात जे येईल ते मोठ्याने बोलायचं. मॅडम ते सगळं लिहून घेणार होत्या.

आता हे एखाद्या चारचौघांत वावरणाऱ्या माणसाला सांगितलं असतं तर त्याने हो म्हणून सोडून दिलं असतं. पण काकू गेल्याला तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून काकांच्या मनात काय येतं याची कुणीही चौकशी केली नव्हती. परगावच्या लेकीचा दर रविवारी फोन यायचा. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, गुडघा कसा आहे, असे तीन प्रश्न ती त्याच क्रमाने विचारायची आणि दोन-सव्वादोन मिनिटांत फोन संपायचा. नोकरीत होते तेव्हा दिवसाला दीडशे दारं उघडायची, प्रत्येक दारात दोन शब्द व्हायचे. काका निवृत्त झाले त्याच वर्षी नवे मीटर आले. ते आपला आकडा आपणच कचेरीला कळवायचे. दुसऱ्याचं दार वाजवायला काकांकडे आता काही निमित्त उरलं नव्हतं. त्यांना एकटं वाटायचं, फार वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण टीव्हीवरची बातम्या देणारी बाई 'पुन्हा भेटू' म्हणाली की ते 'बरं' असं उत्तर द्यायचे.

"आता एकच राहिलं," मॅडम म्हणाल्या. "मुख्य पानावर परत जा, की झालं." आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

मुख्य पानावर जायचं बटण काकांना पहिल्या मिनिटालाच दिसलेलं होतं. ते त्यांनी पुन्हा एकदा नीट बघून घेतलं. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"मॅडम," ते म्हणाले, "मुख्य पान म्हणजे नेमकं कुठलं?"

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "तुम्हाला काय वाटतं, कुठलं असेल?"

काकांना काय काय वाटतं ते सांगायला अठ्ठेचाळीस मिनिटं लागली. मधे चहा आला. निघताना मॅडमनी पुढच्या गुरुवारची वेळ दिली, आणि काका दुखऱ्या गुडघ्यासकट जिना उतरले तेव्हा कठड्याला हात लावायचं त्यांना आठवलंही नाही.

पण खोटी अडचण आणणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. अडचण पटण्यासारखी हवी. ती तासभर पुरायला हवी. आणि एक सुटल्यावर तिच्या पोटातून दुसरी निघाली तर फारच उत्तम. काकांनी मीटरच्या नोंदींची जुनी वही काढली आणि दर गुरुवारसाठी एक पान राखून ठेवलं. लेकीने पाठवलेला, आजवर कपाटात पडून असलेला टॅबलेट बाहेर आला. सकाळचा चहा झाला की काका वेबसाइट उघडून बसायचे आणि एखादा धडधाकट माणूस इथे कसा अडखळेल याचा कसून अभ्यास करायचे. असा अभ्यास त्यांनी शाळेत केला असता तर मीटर वाचायची वेळच आली नसती.

दुसऱ्या गुरुवारी त्यांना गुडघेदुखीची माहिती शोधायची होती. ते वीस मिनिटं शोधत राहिले.

"काय शोधताय, काका? बोलत राहा," मॅडम म्हणाल्या.

"जिना शोधतोय."

"जिना?"

"गुडघा दुखतो कुठे? जिन्यावर. घरात बसल्यावर तो बिचारा काही म्हणत नाही. मग मी जिन्यातच बघणार ना."

काचेपलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवली. तिसऱ्या गुरुवारी काका गेले तर वेबसाइटवर 'जिना' नावाचा नवा विभाग उघडला होता. त्यात गुडघा होता, धाप होती, चक्कर होती. काका क्षणभर घाबरले. आपण गंमत म्हणून बोललो आणि ही माणसं खरंच तसं करून बसली. पण मॅडम इतक्या आशेने त्यांच्याकडे बघत होत्या, की काही अडचण नाही म्हणणं त्यांच्या जिवावर आलं. ते म्हणाले की विभाग उत्तम आहे, फक्त वरच्या फोटोतले डॉक्टर सारखे आपल्याकडे बघतात, त्यामुळे बोटं चालत नाहीत.

डॉक्टरांनी पुढच्या आठवड्यात मान वळवली. मग ते आपल्याकडे लक्षच देत नाहीत अशी काकांची तक्रार आली. त्यानंतर डॉक्टर गेले आणि त्यांच्या जागी एक झाड आलं. काकांना अक्षरं लहान वाटली म्हणून अक्षरं वाढवली, तरी लहान वाटली म्हणून आणखी वाढवली, शेवटी एका पानावर एकच प्रश्न मावायला लागला. दोन बटणं शेजारी दिसली की आपल्याला धडकी भरते, असंही ते एकदा बोलता बोलता म्हणून गेले. मग सगळ्या वेबसाइटवरची बटणं एकमेकांपासून हातभर लांब गेली.

खात्याच्या कागदोपत्री काका 'सहभागी क्रमांक सात' होते. एक ते सहा आणि आठ ते बारा या मंडळींना हळूहळू सगळं जमलं आणि ती आपापल्या घरी गेली. सात नंबर तेवढे उरले. मग खात्यात असं झालं, की कुणीही काहीही नवीन सुचवलं की मोठे साहेब चष्म्यावरून बघत एवढंच विचारायचे, "सात नंबरला जमेल का?" आणि बोलणारा खाली बसायचा. उद्घाटनाची तारीख तीनदा ठरली आणि तीनदा पुढे गेली. वेबसाइट बनवणारा प्रोग्रॅमर दाढी करायचा बंद झाला होता. एका गुरुवारी तो न राहवून काचेमागून बाहेर आला आणि काकांसमोर उभा राहिला. सात नंबर दिसतात कसे, हे त्याला जवळून बघायचं होतं.

"काका, तुम्ही खरंच माऊस उलटा धरता?" त्याने विचारलं.

"कधी कधी," काका म्हणाले. वास्तविक त्यांनी तो एकदाच, तेही जरा बदल म्हणून, उलटा धरला होता. प्रोग्रॅमर मान हलवत परत गेला.

अकराव्या गुरुवारी मात्र चहाच्या वेळी मॅडमचा फोन वाजला. पलीकडे एक लहान मुलगी होती आणि तिला एकच गोष्ट हवी होती, आई कधी येणार. मॅडमनी लवकर येते म्हणून सांगितलं, तीनदा सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ त्या बिस्किटाच्या पुड्याचा कागद सरळ करत बसल्या. काकांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. सहा वर्षांची लेक आजीकडे होती, दुसऱ्या गावी. या कामासाठी मॅडमना तीन महिन्यांकरता इथे पाठवलं होतं आणि आता पाचवा महिना चालू होता. वेबसाइट सुरू झाल्याशिवाय परत जाता येत नव्हतं. आणि साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की सात नंबरला दहाच्या दहा कामं जमली की त्याच दिवशी सुरू करू.

काकांना हे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या तोंडातला चहा तोंडातच राहिला.

"म्हणजे माझ्यामुळे अडलंय होय?"

"छे, तुमच्यामुळे कसं?" मॅडम म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी सांगितलं ना मी. चूक तुमची नसतेच. वेबसाइटच कुठेतरी कमी पडतेय. तुम्ही अजिबात घाई करू नका."

त्यांनी रागावून दोन शब्द सुनावले असते तर काकांना बरं वाटलं असतं. त्या दिवशी ते घरी आले ते तोंड लपवत असल्यासारखे आले. रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा गुरुवारचा सगळा घोळ तिला सांगावा असं त्यांच्या मनात होतं. ते "अगं, ऐक ना" इथपर्यंत आलेही, पण तिला मधेच दुसरा फोन आला आणि ती घाईने, गोळ्या वेळेवर घ्या, म्हणाली. काकांनी वही कपाटात ठेवून दिली. गुरुवार गेला की आपल्याकडे काय उरतं याचा हिशेब त्यांनी आठवडाभर केला आणि उत्तर दर वेळी तेच आलं. तरी बाराव्या गुरुवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

त्या दिवशी सात नंबरने पहिली नऊ कामं अकरा मिनिटांत उडवली. लसीकरण, साखर, दाताचा दवाखाना, रक्तपेढी. काका बोलतही होते: इथे दाबलं, हे दिसलं, हे बरोबर आहे, पुढे. सहाव्या कामाला मॅडमचं पेन थांबलं. काचेपलीकडे आधी कुजबुज झाली, मग कुणीतरी सगळ्यांना गप्प केलं.

दहाव्या कामाचं कार्ड नवीन होतं आणि ते साहेबांचं लाडकं होतं. काकांनी ते मोठ्याने वाचलं. "असं समजा की तुम्ही घरी एकटेच असता. आठवड्यातून एकदा फोन करून विचारपूस करणारी सेवा आता सुरू होत आहे. तिच्यात आपलं नाव नोंदवा."

"समजलात ना?" मॅडमनी विचारलं.

"समजायला जड नाही," काका म्हणाले, आणि त्यांनी सेवेचं पान उघडलं.

पानावर एकच प्रश्न होता, आणि तो इतक्या मोठ्या अक्षरांत होता की रस्त्यापलीकडून वाचता आला असता. 'तुम्हाला एकटं वाटतं का?' खाली एका टोकाला 'हो' होतं आणि दुसऱ्या टोकाला 'नाही'. नाही म्हणणाऱ्यालाही साहेब रिकाम्या हाताने जाऊ देणार नव्हते. त्याला पुढच्या पानावर, मग तुम्ही इतरांना फोन कराल का, असं विचारून स्वयंसेवकांत घ्यायची त्यांनी सोय केली होती.

काकांचा हात माऊसवर राहिला. काचेमागे साहेब होते, प्रोग्रॅमर होता, आणखी पाच-सहा जण होते. आज सगळे श्वास रोखून याच स्क्रीनकडे बघत होते. शेजारी मॅडम होत्या. एवढ्या माणसांदेखत, एवढ्या मोठ्या अक्षरांखालचं 'हो' दाबायचं. काकांचे कान गरम झाले.

"काय वाटतंय, काका?" मॅडम हलकेच म्हणाल्या. "बोला ना."

बारा गुरुवारांत पहिल्यांदाच काका काही बोलले नाहीत. बराच वेळ गेला. मग बाण सावकाश सरकत सरकत 'नाही'वर गेला आणि त्यांनी बटण दाबलं. पुढच्या पानावर नाव घातलं, फोन नंबर घातला. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि खाली अक्षरं आली, 'आपली नोंदणी झाली.'

काचेपलीकडे टाळ्यांचा कडकडाट झाला. प्रोग्रॅमरने बाहेर येऊन काकांना मिठीच मारली. हिरवी खूण आली म्हणजे काम झालं, इतकं सगळ्यांना पुरेसं होतं. नोंदणी कुठल्या यादीत झाली हे बघायचं भान तिथे कुणालाही नव्हतं. मॅडमनी डोळे पुसले आणि दहाव्या कामापुढे लिहिलं, 'कोणतीही अडचण नाही.' निरोप घेताना त्यांना काय बोलावं ते सुचेना. काकाच म्हणाले की लेकीला आधी जवळ घ्या, बाकीचं मग.

वेबसाइट सुरू झाली. पेपरात झाडाच्या फोटोसह बातमी आली. काका पुढच्या गुरुवारी सवयीने दहा वाजता कपडे करून तयार झाले, मग कपडे बदलून पुन्हा बसले. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच झालं. फोन वाजला तर बरं, असं त्यांना वाटायचं आणि लगेच स्वतःचाच राग यायचा. आपल्या हाताने 'नाही' दाबून आल्यावर आता कुठल्या तोंडाने वाट बघायची?

फोन पाचव्या आठवड्यात आला, तोही मॅडमचा, त्यांच्या गावाहून. लेक मजेत होती, मागे तिचा आवाजही येत होता. मॅडमना मात्र वेगळंच बोलायचं होतं. विचारपूस सेवेत महिन्याभरात सहाशे तेरा जणांनी नावं नोंदवली होती. त्यातले सहाशे तेरा स्वयंसेवक होते, इतरांना फोन करायला एका पायावर तयार. आणि ज्यांना फोन हवा आहे अशांच्या यादीत एकसुद्धा नाव नव्हतं.

"एकही नाही?" काकांनी विचारलं.

"एकही नाही. साहेब खूश आहेत. या शहरात एकटं कुणीच नाही, असा अहवाल त्यांनी वर पाठवलाय." मॅडम थांबल्या. "पण मी त्या सहाशे तेरा जणांची वयं काढली, काका. बहुतेक सगळे सत्तरीचे. आणि त्या एकाच प्रश्नावर जो तो खूप वेळ थांबलाय. मग मी तुमचं रेकॉर्डिंग काढून पाहिलं. तुम्ही तिथे एक मिनिट दहा सेकंद थांबला होतात."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला.

"काका, तेव्हा काय वाटत होतं तुम्हाला?"

आता काचेपलीकडे कुणी नव्हतं.

"मॅडम, अकरा गुरुवार मला सगळं जमत होतं आणि मी जमत नाही म्हणून सांगितलं," ते म्हणाले. "बाराव्या गुरुवारी एक गोष्ट खरंच जमली नाही. ती मात्र सांगितली नाही."

पलीकडे मॅडमनी लेकीला जरा बाहेर खेळायला पाठवलं.

"म्हणजे जिना वगैरे?" मॅडमनी विचारलं.

"खोटं."

"आणि डॉक्टरांचा फोटो?"

"चांगले होते हो ते डॉक्टर."

मॅडम आधी हसल्या की रडल्या ते फोनवर नीट कळलं नाही. बहुधा दोन्ही झालं असावं. त्यांनी सांगितलं की 'जिना' हा विभाग आता सगळ्यांत जास्त बघितला जातो, त्यामुळे तो आता काही काढता येणार नाही. मग त्यांनी विचारलं की त्या प्रश्नाचं काय करायचं. काका म्हणाले, तो प्रश्न विचारूच नका. मग फोन कुणाला करायचा ते कळणार कसं, असं मॅडम म्हणाल्या. त्यावर काका म्हणाले, सहाशे तेरा नंबर आहेत ना तुमच्याकडे, फोन करायला माणसंही तेवढीच आहेत. दुपारी त्यांच्याकडून दहा नंबरांची यादी आली. वर लिहिलं होतं, 'स्वयंसेवकांनी सरावासाठी एकमेकांना फोन करावेत.'

काकांनी पहिला नंबर लावला. एक रिंगही पुरी वाजली नाही तोच फोन उचलला गेला.

"नमस्कार. मी विचारपूस सेवेतून बोलतोय," काका म्हणाले.

पलीकडे कुणीतरी घसा साफ केला. आवाज एका वयस्कर बाईंचा होता आणि जरा ताठ होता. "तुमचा काहीतरी घोटाळा झालाय. मी फोन घेणाऱ्यांतली नाही. मी फोन करणाऱ्यांतली आहे."

"ठाऊक आहे. मीही त्यातलाच."

फोन मात्र कुणी ठेवला नाही.

"मग आता कुणी कुणाची विचारपूस करायची?" बाईंनी विचारलं.

"आधी तुम्ही माझी करा," काका म्हणाले. "मला एकटं वाटतं."

पलीकडून खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला.